बारदान वजा जाता

अम्मीच्या फ्रीजवर बिस्किटांचा एक जुना पत्र्याचा डबा आहे. त्यात बिस्किटे कधीच नसतात. अम्मीच्या बीपीच्या गोळ्या, कुणाच्या तरी सर्दीच्या उरलेल्या चार गोळ्या, अर्धी संपलेली मलमाची ट्यूब आणि कॅल्शियमचे पाकीट, असा सगळा संसार त्या डब्यात असतो. तुमच्या घरीही असा एखादा डबा असेलच. मागच्या वर्षी त्या डब्याने आम्हाला जो धडा दिला, तो आज मासिकातल्या बहिणींना आणि भावांना सांगायचा आहे. सांगताना थोडी शरम वाटते, कारण चूक आमचीच होती. आम्ही शिकलेले, बी.एड. झालेले, वीस वर्षे मुलांना उर्दू आणि मराठी वाचायला शिकवणारे. आणि एक लेबल आम्हाला धड वाचता आले नाही.

आमची धाकटी बहीण, घरात सगळे तिला छोटी म्हणतात, रजब महिन्यात पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी आली. सासर इचलकरंजीला, दुल्हेभाई यंत्रमागावर. घरात माणसे जास्त, काम जास्त, म्हणून सहावा लागताच अम्मीने तिला कोल्हापूरला आणून घेतले. आली तेव्हा ओठ पांढरे, जिना चढताना धाप. तपासणीत हिमोग्लोबिन निघाले ८.९. गरोदर बाईचे ११ च्या वर असावे लागते. ७ ते ९.९ म्हणजे मध्यम ॲनिमिया, आणि ७ च्या खाली गेले की गंभीर, असे डॉक्टर मॅडमनी समजावले आणि सरकारी लाल गोळ्या लिहून दिल्या. रोज दोन. सोबत कॅल्शियमच्याही.

अम्मी तपासणीहून आली ती गप्पच. कारण आम्हाला माहीत होते. अम्मीची थोरली बहीण, आमची मोठी खाला, पहिल्याच बाळंतपणात गेली. बाळ झाले, पण रक्त थांबले नाही. अंगात रक्त आधीच कमी होते, म्हणून थोडे गेले तेही सोसले नाही, असे मोठी माणसे सांगत. अम्मी तेव्हा बारा वर्षांची होती. तिने त्या रात्रीबद्दल आम्हाला कधी सविस्तर सांगितले नाही. पण घरात कुणी गरोदर राहिली की अम्मी तिच्या पापण्या खाली ओढून आतला रंग बघते. छोटीचाही बघितला होता.

लाल गोळ्यांचे मात्र जमेना. छोटी म्हणायची, "आपा, तोंडाला लोखंडाची चव येते, मळमळतं, आणि शौचाला काळं होतं. हे काही बरोबर नाही." आशाताई घरी आल्या तेव्हा हसून म्हणाल्या, "काळं हुणारच की! लोह पोटात गेल्याची खूण हाय ती. घाबरू नका, पण गोळ्या सोडू नका." छोटीने मान हलवली आणि गोळ्या डब्यात टाकल्या.

इथे आमचे शहाणपण आडवे आले. फुकट मिळणारी वस्तू हलकी, आणि पैसे मोजून आणलेली भारी, हा समज आपल्या घरांतून काही केल्या जात नाही. आम्ही म्हणालो, "पगार मिळतो आम्हाला. बहिणीला दोन चांगल्या गोळ्या आणून देऊ शकत नाही का?" औषधाच्या दुकानात जाऊन आम्ही "पोटाला त्रास न देणारी चांगली आयर्नची गोळी" मागितली. दुकानदाराने मागितली तशी दिली. त्याचा काही दोष नाही. गुळगुळीत बाटली, तीस गोळ्या, किंमत चारशेच्या आसपास. पुढच्या बाजूला ठळक अक्षरांत आकडा होता ३००. सरकारी गोळीच्या पाकिटावर आकडा होता ६०. आम्ही मनातल्या मनात भागाकारही करून टाकला. ही एक गोळी म्हणजे सरकारी पाच गोळ्या! छोटीला सांगितले, दोनची गरज नाही, ही रोज एकच घे. छोटीला त्रास झाला नाही. सगळे खूश.

शाबानच्या सुरुवातीला पुन्हा तपासणी झाली. पाच आठवड्यांनी. हिमोग्लोबिन ८.७. वाढायचे सोडून थोडे उतरलेच होते.

डॉक्टर मॅडमनी विचारले, "गोळ्या रोज घेते ना?" छोटी म्हणाली, "एकही चुकवली नाही." मॅडम म्हणाल्या, "गोळ्या नियमित घेतल्या तर महिन्याभरात साधारण १ ने तरी वाढायला हवं. काय घेतेस ते दाखव." आम्ही मोठ्या ऐटीत पर्समधून बाटली काढली. मॅडमनी पुढची बाजू बघितलीही नाही. बाटली फिरवली, चष्मा वर केला आणि मागचे बारीक अक्षर वाचले: फेरस ग्लुकोनेट ३०० मिलिग्रॅम, त्यातले एलिमेंटल आयर्न ३५ मिलिग्रॅम.

मग त्यांनी कागदावर दोन ओळी लिहिल्या. मी सांगितले होते: ६० च्या दोन, म्हणजे १२०. तुम्ही दिले: ३५.

आम्ही त्या कागदाकडे बघत राहिलो. शाळेत मुलाने प्रश्न न वाचता उत्तर लिहिले की आम्ही त्याला काय काय बोलतो ते आठवले. अम्मी बाहेर बाकावर तसबीह घेऊन बसली होती. तिला काय सांगायचे, हे कळेना.

त्या संध्याकाळी मामू आले होते. आमच्या मामूंनी उभी हयात गुळाच्या बाजारात तोलाईदारी केली. राजर्षी शाहू महाराजांनी १८९५ मध्ये वसवलेल्या शाहूपुरीच्या व्यापारपेठेपासून कोल्हापूरच्या गुळाचे नाव झाले, त्या धंद्यातली त्यांची तिसरी पिढी. आम्ही सगळा प्रकार सांगितला. मामूंनी बाटली हातात घेऊन उलटसुलट केली आणि म्हणाले, "म्हणजे बारदानासकट तोललं तुम्ही. बारदान वजा केलंच नाही."

एवढ्या एका शब्दात सगळे आले. धान्याचे पोते काट्यावर चढते तेव्हा पोत्याचे वजनही चढते. ते वजा केल्याशिवाय मालाचा भाव कुणी करत नाही. गोळीतले लोहही तसेच बारदानात येते.  ते बहुधा दुसऱ्या कशाशी तरी जोडलेले असते. सल्फेटशी, फ्युमरेटशी, ग्लुकोनेटशी. जोडलेल्या त्या सगळ्या पदार्थाला क्षार म्हणतात. पुढच्या बाजूचा मोठा आकडा अनेकदा त्या पूर्ण क्षाराचा असतो. शरीराच्या कामाचे जे खरे लोह, त्याला लेबलवर एलिमेंटल आयर्न म्हणतात, म्हणजे मूलद्रव्य लोह. बारदान वजा जाता उरलेला माल.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत आमच्या शाळेतल्या विज्ञानाच्या सरांना हे सांगितले. सर म्हणाले, "मॅडम, हे तर नववी-दहावीचं गणित आहे," आणि खडू घेऊन फळ्यावर मांडून दाखवले. लोहाचे अणुवस्तुमान ५६. फेरस सल्फेटच्या स्फटिकात लोह ५६, गंधक ३२, चार ऑक्सिजनचे ६४ आणि पाण्याचे सात रेणू, त्यांचे १२६. बेरीज २७८. त्यात लोह ५६, म्हणजे शेकडा २०. फेरस फ्युमरेटची बेरीज १७०, लोह तेच ५६, म्हणजे शेकडा ३३. ग्लुकोनेटचा रेणू फार मोठा, त्यात लोह शेकडा १२ च्या आसपास. आमच्या ३०० चे ३५ झाले ते असे.

सरांनी आणखी एक हिशेब सांगितला, तो आम्ही वहीत लिहून घेतला. ६० मिलिग्रॅम खरे लोह हवे असेल तर फेरस सल्फेटचे स्फटिक ३०० मिलिग्रॅम लागतात, फेरस फ्युमरेट १८० पुरते आणि फेरस ग्लुकोनेट ५०० लागते. जागतिक आरोग्य संघटना हेच प्रमाण देते. म्हणजे दोन बाटल्यांवर ३०० हाच आकडा असला, तरी एकीत ६० लोह असू शकते आणि दुसरीत ३५. आणि १८० चा आकडा असलेली गोळी ३०० वाल्या गोळीपेक्षा जास्त लोह देऊ शकते! नुसत्या मोठ्या आकड्यावर जाणारा माणूस फसतो तो इथे.

याचा अर्थ ग्लुकोनेट वाईट, असा मुळीच नाही. काहींच्या पोटाला ते सोसते, आणि डॉक्टर हिशेब करून देतात तेव्हा तेही उपयोगी पडते. चूक गोळीची नव्हती, मापाची होती. आणि ज्या सरकारी गोळीला आम्ही नाक मुरडले, तिच्यावरचा ६० हा आकडा आधीच बारदान वजा केलेला होता. ॲनिमिया मुक्त भारत कार्यक्रम २०१८ मध्ये सुरू झाला, त्यातल्या गरोदर मातांच्या लाल गोळीत ६० मिलिग्रॅम मूलद्रव्य लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड असते. फुकटची गोळी खरे माप देत होती, आणि आम्ही चारशे रुपये देऊन बारदान घरी आणले होते.

घरी येऊन आम्ही अम्मीचा डबा उपसला. आता डोळे उघडले होते, म्हणून दुसरी चूकही सापडली. ती याच्या उलटी होती.

अम्मीचे गुडघे आणि कंबर दुखते म्हणून डॉक्टरांनी तिला जेवणानंतर रोज एक कॅल्शियमची गोळी सांगितली होती. पाकिटावर १२५० लिहिलेले. मोठ्या माणसाला दिवसाला १००० मिलिग्रॅम कॅल्शियम लागते, हे आम्ही कुठेतरी वाचले होते. मग १२५० कशाला? वर अम्मी रात्री पेलाभर दूधही पिते. जास्त कॅल्शियमने मुतखडा होईल या भीतीने आम्हीच तिला सांगितले होते, "अम्मी, अर्धी मोडून घेत जा." बिचारी दोन वर्षे अर्धी गोळी घेत होती.

पाकिटाची मागची ओळ आता वाचली: कॅल्शियम कार्बोनेट १२५०, मूलद्रव्य कॅल्शियम ५००. याचे गणित तर अगदी सोपे. कॅल्शियम ४०, कार्बन १२, ऑक्सिजन १६ त्रिक ४८, बेरीज बरोबर १००. म्हणजे शेकडा ४०. अम्मीला मिळत होते अर्ध्या गोळीतले २५०. दुधातले अडीचशे-तीनशे धरले तरी हजाराचा पल्ला लांबच. कॅल्शियम सायट्रेट असते तर शेकडा २१ च. एका गोळीत आम्ही मोठा आकडा पाहून समाधान मानले, दुसरीत मोठा आकडा पाहून घाबरलो. दोन्ही वेळा बारदानच मोजले. अम्मीला हे सांगितले तेव्हा ती एवढेच म्हणाली, "बेटा, मला वाटलं तुम्हाला कळतं." हे वाक्य आम्हाला आजही टोचते. घरातली मोठी माणसे आपल्या शिक्षणावर भरवसा ठेवतात. तो भरवसाही एक अमानतच आहे.

मग डॉक्टर मॅडमच्या सांगण्याप्रमाणे छोटीचे वेळापत्रक केले आणि स्वयंपाकघराच्या दारावर चिकटवले. लोहाची गोळी आणि कॅल्शियमची गोळी कधीच एकत्र नाही. मध्ये निदान दोन तासांचे अंतर, कारण कॅल्शियम लोहाला आत शिरू देत नाही. कॅल्शियम कार्बोनेट जेवणासोबत. लोहाची गोळी चहा-कॉफीबरोबर तर नाहीच, आधी-नंतरही तासभर चहा नाही. लिंबूपाण्याबरोबर घेतली तर उत्तम. मळमळत असेल तर एक गोळी रात्री निजण्यापूर्वी, काहीतरी खाऊन. जेवणात आठवड्यातून दोनदा मटण, कारण मांसातले लोह भाजीतल्या लोहापेक्षा चांगले अंगी लागते; रोज एक उसळ, त्यावर लिंबू. गूळ-शेंगदाणेही होतेच, कोल्हापुरात ते कसे सुटणार? पण मॅडमनी बजावले, "एवढी कमतरता गुळानं भरून येत नाही. गोळीला पर्याय नाही."

पहिला आठवडा छोटीला जड गेला. मळमळ झाली, काळे शौच झाले. पण या वेळी अम्मी स्वतः गोळी हातावर ठेवायची आणि गिळेपर्यंत समोरून हलायची नाही. रमजान लागला. छोटीला डॉक्टरांनी रोजे नंतर पूर्ण करायला सांगितले होते, आणि आपल्या दीनमध्येही तशी सवलत आहेच. अम्मीच्या गोळीचे मात्र डॉक्टरांना विचारून वेळ बदलून घेतली: पूर्ण गोळी, इफ्तारनंतरच्या जेवणासोबत. रोजेदार बहिणींनी एक ध्यानात ठेवावे. सेहरीला लोहाची गोळी आणि तिच्यावर कडक चहा असे करू नका. त्या चहाने बरेचसे लोह वाया जाते.

रमजानच्या पहिल्या आठवड्यात छोटीचे हिमोग्लोबिन ९.८ झाले. ईदनंतर १०.८. अकराला अजून दोन दशांश कमीच होते, पण अम्मीने तिच्या पापण्या खाली ओढून बघितल्या आणि पहिल्यांदाच काही न बोलता शिरखुर्म्याची वाटी तिच्या हातात दिली. शव्वालच्या अखेरीस छोटीला मुलगी झाली. बाळंतपणात रक्त थोडे जास्त गेले. डॉक्टरांनी नंतर सांगितले की दोन महिन्यांपूर्वीचे अंगातले रक्त असते तर काळजीचे झाले असते. अम्मी ते ऐकून दवाखान्याच्या कोपऱ्यात गेली आणि शुक्रान्याची नमाज पढली. अल्हम्दुलिल्लाह, मायलेकी सुखरूप आहेत.

आम्ही जे शिकलो ते थोडक्यात असे. गोळी किंवा बाटली घेताना पुढचा आकडा सोडा, मागची ओळ वाचा आणि "एलिमेंटल" हा शब्द शोधा. त्याच्यापुढचा आकडा हेच खरे माप. तो शब्द नसेल तर औषधवाल्याला किंवा डॉक्टरांना विचारा. विचारण्यात कमीपणा नाही. तो आकडा एका गोळीचा आहे की दोन गोळ्यांचा, हेही बघा. मुलांना हगवणीत देतात त्या झिंकच्या गोळीचेही असेच: २० मिलिग्रॅम म्हणजे खरे झिंक, क्षाराचे वजन वेगळे. दुकान बदलले, कंपनी बदलली, तर जुना आणि नवा आकडा ताडून पाहा. कॅप्सूलच्या जिलेटिनबद्दल मनात शंका असेल तर गुपचूप औषध बंद करू नका. डॉक्टरांना तसे सांगा, बहुतेक वेळा साधी गोळी किंवा पातळ औषध मिळते. आणि हिशेब कळला म्हणून स्वतःच गोळ्या वाढवू नका. किती घ्यायच्या ते रक्त तपासून डॉक्टरच ठरवतील. साखरेचे आवरण असलेल्या त्या रंगीत गोळ्या लहान मुलांना खाऊसारख्या दिसतात. मुलाने मूठभर खाल्ल्या तर जिवावर बेतते. डबा उंचावर ठेवा.

एक गोष्ट राहिली. आमच्या शाळेत मुलींना आठवड्याला एक निळी गोळी मिळते. तिच्यातही ६० मिलिग्रॅम खरे लोह असते. कितीतरी वर्षे आम्ही ती वाटत आलो. यादीवर खुणा करायच्या, पाकिटे संपवायची आणि तासाला लागायचे. कुणी कंपासपेटीत लपवली, कुणी खिडकीतून टाकली, आम्ही बघून न बघितल्यासारखे केले. आपण स्वतः जिला हलकी समजतो, ती मुलीने का घ्यावी? राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीत देशातल्या १५ ते ४९ वयाच्या शंभरातल्या ५७ बायकांना ॲनिमिया निघाला. त्या आज आमच्या वर्गात बसलेल्या मुलीच असतील उद्या.

आता पोषण आहारानंतर आम्ही वर्गात थांबतो. फळ्यावर ३०० आणि ६० हे दोन आकडे लिहितो आणि विचारतो, कोणता मोठा? सगळ्या मुली एका सुरात तीनशे म्हणतात. मग आम्ही त्यांना बारदानाची गोष्ट सांगतो. परवा पाचवीतल्या एका मुलीने घरून तिच्या दादीच्या औषधाचे पाकीट आणले आणि म्हणाली, "मॅडम, यात माल किती आहे?" आम्ही म्हणालो, "मागची ओळ तूच वाच." ती अडखळत, अक्षर अक्षर जोडत वाचू लागली. आम्ही मध्ये बोललो नाही. तिला पूर्ण वाचू दिले.